स्पिन : आधी स्टॉल, मग गिरकी

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं की वर्धा जिल्ह्यात मॉडेल विमानं उडवायचा खरा हंगाम सुरू होतो. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळचे दोन-अडीच तास हवा शांत असते, ऊन बेताचं असतं आणि नांगरटीपूर्वी किंवा कुटार उचलल्यानंतर मोकळा तुकडा सापडतो. रेडिओ कंट्रोलवर लूप आणि रोल नीट जमतात, विमान सुखरूप उतरवता येतं, आता एरोबॅटिक्सच्या स्पर्धेत उतरायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. वर्धा, सेवाग्राम, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं आणि एनसीसीच्या एअर विंगचे कॅडेट यांच्यात असे हात बरेच आहेत. त्यांच्या उड्डाणात एक जागा हमखास कच्ची राहते, ती स्पिनची.

स्पिन बघायला सोपा वाटतो. विमान नाक खाली करून गरगरत येतं आणि ठरलेल्या फेऱ्या झाल्या की थांबतं. म्हणून बहुतेक जण सगळा सराव गरगरण्याचाच करतात. परीक्षक मात्र विमान फिरायला लागायच्या आधीचे तीन-चार सेकंद डोळ्यांत तेल घालून बघत असतो. विमान खरंच स्टॉल झालं का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढच्या फेऱ्या कितीही देखण्या असोत, त्यांचा उपयोग होत नाही.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख वाऱ्याला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन वाढत वाढत साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल कोसळते. त्याच क्षणी रडरने नाक एका बाजूला वळवलं तर त्या बाजूचा पंख जास्त खोल स्टॉलमध्ये जातो. त्याची उचल आणखी कमी होते, अवरोध आणखी वाढतो. दुसरा पंख तुलनेने कमी स्टॉल झालेला असतो, तो वर उठत राहतो. हा फरक विमानाला आपोआप फिरवत ठेवतो. खरा स्पिन तो हाच. विमान वेगात असताना एलिव्हेटर आणि रडर एकदम फेकून त्याला उलटवलं तर तो स्नॅप रोल होतो. नाक खाली आहे, विमान फिरतं आहे, पण वेग वाढत चालला आहे, तर तो स्पायरल, म्हणजे खाली जाणारा साधा बॅरल रोल. लांबून नवख्याला तिन्ही सारखे दिसतात. परीक्षकाला दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ३ए प्रकारात प्रत्येक कसरतीला १० पैकी गुण मिळतात आणि ते त्या कसरतीच्या काठिण्य गुणकाने गुणले जातात. स्टॉलशिवायच्या गिरकीला तिथे जबर कपात होते, स्पायरलला तर शून्यच. गुणक मोठा असेल तर एवढ्या एका चुकीने फेरीचा निकाल फिरतो.

म्हणून सरावाची सुरुवात स्पिनने करू नका, सरळ स्टॉलने करा. पुरेशा उंचीवर, वाऱ्याच्या तोंडावर, विमान समांतर उडवत आणा. थ्रॉटल हळूहळू आयडलवर घ्या. वेग कमी होईल तसं विमान खाली बसू लागेल. ते बसू न देण्यापुरताच एलिव्हेटर ओढत राहा. नाक थोडं थोडं वर येईल, पण विमानाची उंची तीच राहायला हवी. खरं कसब इथेच आहे. घाईने ओढलं तर विमान वर चढतं, आणि स्टॉलआधी चढलेलं विमान गुण गमावतं. ढिलं सोडलं तर ते खाली उतरत जातं आणि स्टॉल येतच नाही. शेवटच्या सेकंदाला स्टिक जवळजवळ पूर्ण मागे आलेली असते, विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं, पंख किंचित थरथरतात आणि मग नाक आपणहून खाली पडतं. ते पडण्याच्या क्षणी रडर पूर्ण द्यायचा, आधी नाही. नाक आणि आतला पंख एकाच वेळी पडायला हवेत. आधी पंख पडला आणि मग नाक गेलं, तर परीक्षकाला ती जबरदस्ती दिसते.

हे अंगठ्याला कळायला वेळ लागतो, कारण वाट बघणं अंगठ्याला मुळीच आवडत नाही. विमान थांबल्यासारखं दिसलं की हात आपसूक रडरकडे जातो. माझं सांगणं असं, की पहिले काही दिवस रडर द्यायचाच नाही. नुसता स्टॉल करायचा, नाक पडलं की एलिव्हेटर सोडायचा, वेग घेऊन परत वर जायचं. स्टॉल कधी येणार हे अंगठ्याला आधी कळू लागलं की मगच रडर जोडायचा. या सरावात आणखी एक गोष्ट उघडी पडते. विमान दर वेळी एकाच बाजूचा पंख टाकत असेल तर तो पंख जड आहे किंवा वाकलेला आहे. विमानाच्या नाकाला आणि शेपटीला दोरी बांधून ते उचलून बघा, जड पंख लगेच खाली जातो. हलक्या पंखाच्या टोकाला थोडं वजन चिकटवलं की काम भागतं.

गुरुत्वमध्य, म्हणजे ज्याला आपण सगळे सीजी म्हणतो, तो स्पिनच्या बाबतीत फार महत्त्वाचा. तो फार पुढे असेल तर एलिव्हेटर पूर्ण ओढूनही नाक पुरेसं वर येत नाही, विमान नीट स्टॉल होत नाही आणि रडर दिला की स्पायरलमध्ये शिरतं. तो फार मागे असेल तर स्पिन झटकन लागतो, पण सुटायला तयार नसतो. नाक वर येऊन विमान सपाट गरगरत राहतं. उत्पादकाने सांगितलेल्या जागेपासून सुरुवात करा आणि बॅटरी दर वेळी फक्त ३ ते ५ मिलिमीटर मागे सरकवून बघा. प्रत्येक बदलानंतर आधी सरळ स्टॉल, मग एक फेरी, मग दोन. थेट तीन फेऱ्यांवर उडी मारू नका. बॅटरीची जागा एकदा ठरली की पेटीत मार्करने रेघ मारून ठेवा. घाईत एक बोट मागे बसलेली बॅटरीही विमान घालवते.

ट्रान्समीटरवर स्पिनसाठी वेगळा स्विच ठेवणं शहाणपणाचं. एरवीच्या उड्डाणात एलिव्हेटरची हालचाल कमी ठेवलेली बरी, पण स्टॉलला ती जास्त लागते. एका स्विचने एलिव्हेटर आणि रडर दोन्हींची हालचाल वाढेल अशी मांडणी करा आणि एक्स्पोनेन्शियल द्या, म्हणजे मधल्या भागात अंगठा हलका राहील. एलेरॉनचं म्हणाल तर बरीच मॉडेलं स्पिनच्या दिशेने थोडा एलेरॉन दिल्यावर आवळून, नाक खाली ठेवून फिरतात. उलट दिशेने दिला तर सपाट होऊ लागतात. पण तुमचं विमान काय करतं ते उंचीवर करूनच बघा. प्रत्येक मॉडेलचा स्वभाव निराळा असतो.

आता मोजणी. फेऱ्या मोजताना नाकाकडे बघू नका, रंगाकडे बघा. विमानाची पाठ आणि पोट अगदी वेगळ्या रंगात रंगवा. पाठ पिवळी असेल तर पोटावर काळे रुंद पट्टे. विमान तुमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे जात आहे आणि डाव्या बाजूला स्पिन घेतला, तर पाव फेरीला तुम्हाला पोट दिसतं, अर्ध्याला बाजू, पाऊण फेरीला पाठ आणि पूर्ण फेरीला परत बाजू. उजव्या बाजूला घेतला तर क्रम उलटतो, आधी पाठ, मग पोट. मनात ‘पोट, पाठ, एक, पोट, पाठ, दोन’ असं म्हणत गेलं की मोजणी चुकत नाही. थांबायचं ते बाजू दिसताना. पूर्ण फेऱ्या असतील तर विमान आलं त्याच दिशेने बाहेर पडतं, दीड किंवा अडीच फेऱ्या असतील तर उलट दिशेने. हे आधी कागदावर काढून ठेवा, नाहीतर ऐन वेळी विमान एका बाजूला आणि पुढची कसरत दुसऱ्या बाजूला असा घोळ होतो.

स्टिक सोडली की विमान जागच्या जागी थांबत नाही. थोडं पुढे फिरतं. किती फिरतं ते विमानागणिक बदलतं, कुणाचं एक अष्टमांश फेरी, कुणाचं पाव. तेवढं आधी सगळं मधोमध आणायचं आणि उलट रडरचा छोटा टोला द्यायचा. रोल थांबवताना जशी अचूकता लागते तशीच इथेही लागते. साधारण १५ अंशांची चूक म्हणजे एक गुण गेला असं धरून चाला. थांबल्यावर नाक सहसा पूर्ण खाली नसतं. एलिव्हेटर किंचित पुढे देऊन विमान उभ्या रेषेत आणायचं, ती रेषा परीक्षकाला दिसेल एवढी ठेवायची आणि मग गोलाईत बाहेर काढायचं. इथे अनेकांची घाई होते. वेग अजून जमलेला नसतो, जमीन जवळ दिसते आणि स्टिक खसकन ओढली जाते. विमान दुसऱ्यांदा स्टॉल होतं. बाहेर काढण्याची गोलाई बाकीच्या कसरतींइतकीच मोठी ठेवायची असेल तर उंची आधीपासून हाताशी हवी.

या उंचीच्या हिशेबात आपल्याकडे एक खास अडचण आहे, आणि ती नीट समजून घेतलीच पाहिजे. एफ३ए मध्ये विमान पायलटपासून साधारण १५० मीटर लांब उडवतात आणि वर ६० अंशांपर्यंतची जागा, म्हणजे कसरतींची चौकट, वापरायला मिळते. म्हणजे उंची जवळजवळ २६० मीटर. पण २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार आपलं मॉडेल विमानही मानवरहित विमानात मोडतं आणि हिरव्या क्षेत्रात परवानगीशिवाय फक्त ४०० फूट, म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंतच उडवता येतं. त्याच्या वरचं आकाश पिवळ्या क्षेत्रात जातं, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. छंदासाठी किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, ही सवलत आहे. उंचीची मर्यादा मात्र सगळ्यांना तीच. म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या रोजच्या सरावाला दोन मीटरचं मोठं विमान सोयीचं नाही. एक ते सव्वा मीटर पंखविस्ताराचं, हलकं फोमचं किंवा बाल्साचं एरोबॅटिक विमान घ्या आणि ते १०० मीटरवर उडवा. तेवढ्या अंतरावर १२० मीटरची उंची सुमारे ५० अंशांच्या कोनात दिसते आणि चौकटीची सवय लागते.

विमानात उंची नोंदवणारा छोटा सेन्सर बसवा. तुमचं विमान एका फेरीत किती खाली येतं हे अंदाजाने ठरवू नका. समजा ते १५ मीटर खाली येत असेल. दोन फेऱ्यांना ३०, उभ्या रेषेला १५, बाहेर काढायला १५, असे ६० मीटर लागले. ११० मीटरवर सुरुवात केली तर ५० मीटरवर तुम्ही समांतर आहात, हे ठीक. तीन फेऱ्यांत ३५ मीटरवर याल, हे सरावलेल्या हातालाच शोभतं. नव्याने शिकताना ४० मीटरच्या खाली स्पिनची कसरत संपता कामा नये, असा नियम स्वतःला घालून घ्या.

जागा निवडताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा बघा. तो बदलत असतो, म्हणून हंगामात एकदा बघून चालत नाही. पुलगावला लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, त्या बाजूला विमान काढायचा विचारही नको. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातही नको. समृद्धी महामार्ग, रेल्वे आणि उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे यांच्यापासून भरपूर लांब राहा. शेतमालकाला विचारा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. गावात विमान उडतं म्हटलं की पोरं धावत येतात. त्यांना हाकलू नका, पण उडवणाऱ्याच्या मागे, धुऱ्याच्या पलीकडे बसवा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा. सोबत वाळूची बादली हवीच. लिथियम पॉलिमर बॅटरी आपटून पेटली आणि शेजारी वाळलेली पऱ्हाटी किंवा कुटाराचा ढीग असेल तर शेतकऱ्याचं नुकसान व्हायला वेळ लागत नाही.

उभं कसं राहायचं, हेही इथल्या आकाशावर ठरतं. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पाठ दक्षिणेला आणि तोंड उत्तरेला ठेवलं तर विमान उन्हात हरवत नाही. पण थंडीत वारा बहुतेक उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो. म्हणजे तो तुमच्याच तोंडावर असतो. स्टॉल झालेलं विमान वाऱ्याबरोबर वाहतं. वारा सेकंदाला ५ मीटर असेल आणि स्टॉलपासून उभ्या रेषेपर्यंत सहा सेकंद गेले, तर विमान ३० मीटर सरकतं, आणि या मांडणीत ते तुमच्या दिशेने सरकतं. स्पिनमध्ये वाऱ्याने वाहून गेल्याबद्दल परीक्षक गुण कापत नाही, पण डोक्यावर आलेलं विमान कुणालाच परवडणारं नाही. म्हणून अशा वाऱ्यात स्पिनची रेषा आधीच तेवढी लांब धरा. वारा पूर्वेकडून असेल तर उत्तम, मग तोंड उत्तरेला ठेवूनही विमान वाऱ्यावर उडवता येतं.

उन्हाळ्यात सराव करायचाच असेल तर सूर्य उगवल्याबरोबर करा. एप्रिल-मेमध्ये दहा वाजता काळ्या वावरातून गरम हवेचे झोत उठू लागतात. त्यातला एखादा स्टॉलच्या क्षणी एका पंखाखाली आला की विमान नको त्या बाजूला पडतं आणि तुम्हाला वाटतं हात चुकला. शिवाय ४२ अंशांवरची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ असते. विमान चार-पाच टक्के जास्त वेगालाच स्टॉल होतं आणि जानेवारीत बसवलेली वेळ मे महिन्यात चुकते. जमिनीला भेगा पडलेल्या असतात, चाकं अडकतात. उतरायला मुरूम टाकलेला तुकडा किंवा जाड सतरंजी पाहिजे. बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका.

विमान स्पिनमधून सुटलं नाही तर काय करायचं, हे जमिनीवर असतानाच पाठ असायला हवं. थ्रॉटल आयडल, एलेरॉन मधोमध, रडर पूर्ण उलट, मग एलिव्हेटर पुढे. स्टिक मागे ओढायची नाही. विमान खाली येताना दिसलं की ओढावंसं वाटतं, आणि तीच ओढ विमानाला स्टॉलमध्ये धरून ठेवते. माणसं बसलेल्या विमानांतही सुरुवातीला हेच व्हायचं. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये सॅलिसबरी प्लेनवर विल्फ्रेड पार्क या नौदलातल्या वैमानिकाचं अॅव्हरो विमान असंच गरगरत खाली आलं. स्टिक मागे आणि रडर वळणाच्या दिशेने, हे त्या वेळच्या समजुतीप्रमाणे त्याने केलं, उपयोग झाला नाही. शेवटी त्याने रडर उलटा दिला आणि जमीन जेमतेम पन्नास फुटांवर असताना विमान सावरलं. पुढे १९१७ मध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात फ्रेडरिक लिंडमन या शास्त्रज्ञाने स्वतः विमानात बसून स्पिनची मोजमापं घेतली. आज तुमचा अंगठा जे करतो त्यामागे हे सगळं आहे. सपाट स्पिनमध्ये उलट रडरनेही विमान ऐकत नसेल तर थ्रॉटलचा एक छोटा फटका द्या, पंख्याची हवा शेपटीवरून जाते आणि रडरला पकड मिळते. तरीही नाही सुटलं तर जमिनीच्या आधी थ्रॉटल बंद करा, म्हणजे मोटर आणि बॅटरी तरी वाचतात.

उलटा स्पिन वरच्या गटांत विचारतात. त्यात विमान पाठीवर उडत येतं, एलिव्हेटर पुढे ढकलून स्टॉल करायचा आणि मग रडर द्यायचा. यात नाक एका बाजूला वळतं आणि रोल उलट बाजूला होताना दिसतो, त्यामुळे डोळे फसतात. डोळ्यांवर विसंबू नका. रडर कुठल्या बाजूला दिला ते अंगठ्याला माहीत असतं, थांबवायला त्याच्या उलट. सरळ स्पिन दहापैकी नऊ वेळा नेमका थांबू लागल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिम्युलेटरवर क्रम आणि मोजणी पाठ होते, ते जरूर करा. स्टॉलचा क्षण मात्र तिथे खऱ्यासारखा येत नाही, तो वावरातच शिकावा लागतो. एफ३ए मध्ये शेजारी उभं राहून कसरतींचा क्रम सांगणारा साथीदार चालतो. सरावालाही त्याला घेऊन जा. त्याने फक्त क्रम सांगू नये, तर ‘चढतंय’, ‘बसतंय’, ‘आता पडलं’ असं मोठ्याने म्हणावं, आणि घारींवर नजर ठेवावी. त्याच्याच मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि संध्याकाळी फक्त स्टॉलआधीचा भाग हळू करून बघा. विमान चढतंय का, नाक एका लयीत वर येतंय का, नाक आणि पंख एकदम पडतात का, एवढंच बघायचं.

स्पर्धेच्या सकाळी आपली पाळी येईपर्यंत तंबूत बसून राहू नका. तुमच्याआधी जे उडवतायत त्यांचे स्पिन बघा. कुठे स्टॉल झाला, कुठे उभी रेषा संपली, मधल्या वेळात विमान कुठल्या बाजूला किती सरकलं, हे लांबच्या एखाद्या झाडाच्या खुणेने धरून ठेवा आणि तेवढं अंतर आपल्या सुरुवातीत वळतं करा. आणि तुमच्या पाळीला थ्रॉटल आयडलवर आल्यावर विमान लवकर पडलं नाही, चौकटीचा मध्य निघून चालला, तरी रडर आधी देऊ नका. मध्याच्या पुढे सरकलेल्या खऱ्या स्पिनचे गुण थोडे कापले जातील, मध्यावर झालेल्या खोट्याचे सगळे.